रविवारची वजडी

नळी वरून घालून झाली, खालून घालून झाली, रक्त तपासून झालं, पाव बंद केला, दूध बंद केलं, आणि शेवटी डॉक्टर आरोसेना हातातले कागद खाली ठेवून म्हणाल्या, "विल्मार तेचेरा, तुमचं आतडं झकास आहे."

मला रागच आला. हेच झकास आतडं इतकी वर्षं मला गावभर पळवतंय. मी आमच्या पायसांडू गावातल्या बेकऱ्यांना पीठ आणि चरबी पोचवतो. कुठल्या बेकरीचा पाव चांगला हे मला विचारू नका. कुठल्या बेकरीचा संडास चांगला, कुठे कडी लागत नाही, कुठला मालक किल्ली देताना तोंड वाकडं करतो, ते विचारा. सिनेमाला गेलो तर मला कडेची खुर्ची लागते, लग्नात मागची. माझ्या स्वतःच्या लग्नात पाद्र्याचं 'आमेन' व्हायच्या आत मी निघालो होतो. सिल्वानाच्या मावश्या अजून म्हणतात, पोरगा पळूनच चालला होता, वाट चुकून परत आला.

"मग दुखतं ते काय? नाटक करतो का मी?" मी विचारलं.

"नाटक नाही. दुखणं खरंच आहे." डॉक्टरांनी चष्मा काढला. "एक सांगा, लहानपणी घरी जेवण कसं व्हायचं?"

"तोंडानं."

त्या हसल्या नाहीत. "टेबलावर वातावरण कसं असायचं, ते विचारतेय."

"नॉर्मल. सगळ्यांच्या घरी असतं तसं."

आणि नेमका तेव्हाच माझ्या पोटानं आवाज केला. साधासुधा नाही, शेजारच्या खोलीत कुणीतरी कपाट सरकवावं तसा. डॉक्टर तो संपेपर्यंत थांबल्या.

"पोट काहीतरी वेगळं म्हणतंय तुमचं," त्या म्हणाल्या. "हे बघा, लहान मूल रोज भीत भीत जेवलं तर त्याचं पोट तेच शिकतं. पुढे भ्यायचं कारण संपतं, पण ते संपलंय हे पोटाला कुणी सांगत नाही. सगळ्यांचंच असं होतं असं नाही, आणि तुमचंही हेच असेल असं मी छातीठोक सांगत नाही. पण विचारून बघा. त्या घरात तेव्हा कोण होतं?"

"आई. ती गेली. बाबा आहेत, एक आत्या आहे."

"मग आत्याला विचारा. गोळ्या देते, पण गोळ्यांनी अर्धंच काम होईल."

मी बाहेर पडलो तो थेट त्यांच्याच संडासात.

आमच्या गावात पोटाला पोट कुणी म्हणत नाही, लिव्हर म्हणतात. ढेकर आला, लिव्हर. लग्न मोडलं, मुलीचं लिव्हर बिघडलं. माझं लिव्हर तर जन्मापासून नाजूक, असं आमच्या घरात ठरूनच गेलेलं. का नाजूक, तर मी म्हणे लहानपणी कच्ची अंजिरं खाल्ली होती. त्या अंजिरांपायी मी आयुष्यभर मार्सेला नावाच्या रानफुलांचा काढा पितोय. गुड फ्रायडेच्या पहाटे, ऊन पडायच्या आत खुडलेली फुलंच लागतात, नाहीतर गुण येत नाही. त्या काढ्यावर एखादं जनावर पोसलं गेलं असतं. गुण मात्र कधी आला नाही, आणि तरी दर गुड फ्रायडेला मी थंडीत कुडकुडत माळावर फुलं खुडायला हजर.

एवढंच असतं तर मी आत्याकडे गेलोही नसतो. माझं पोट, माझे भोग. पण माइतेचं दुखायला लागलं होतं.

माइते माझी मुलगी. सहा वर्षांची, दात पडलेली, अखंड बडबडणारी. तिचं पोट शाळेच्या दिवशी दुखत नाही. शनिवारी नाही. रविवारी सकाळी, माझ्या बापाकडे जेवायला निघायच्या वेळी दुखतं. पायात मोजे चढवता चढवता ती गप्प होते आणि पोटावर हात ठेवते.

सिल्वाना सुपरमार्केटात काउंटरवर असते आणि रविवारी तिला सुट्टी नसते. त्यामुळे ते जेवण तिनं कधी पाहिलेलंच नाही. त्या दिवशी मी डॉक्टरांचं सांगितल्यावर तिनं हातातलं फडकं ओट्यावर आपटलं.

"विल्मार, तिथे नक्की होतं काय?"

"जेवतो आम्ही."

"मग पोरीच्या पोटात गोळा का येतो?"

"लिव्हर असेल. माझ्यावर गेली असेल."

"तुझ्यावर गेलीय हे दिसतंय मला! तुझं काय झालं, ते विचारतेय मी. म्हातारा तिला काही बोलतो?"

"नाही गं. जीव आहे त्यांचा तिच्यावर. फक्त जेवायला घेऊन बसतात. म्हणजे शेवटी शेवटी काय होतं ते मला नीटसं माहीत नसतं. मी तेव्हा बाथरूममध्ये असतो."

सिल्वाना माझ्याकडे बघत राहिली. ती ओरडते तेव्हा ठीक असतं. ती बघत राहिली की माझं धाबं दणाणतं.

"तिथे काय होतं ते तू मला सांगेपर्यंत," ती म्हणाली, "माझी पोर त्या टेबलावर बसणार नाही."

म्हणून शुक्रवारी, दोन बेकऱ्यांच्या मध्ये वेळ काढून, मी नेल्बाआत्याकडे गेलो. ही माझ्या बापाची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. ती एम्पाचो उतरवते, म्हणजे अडकलेलं अन्न मोकळं करते. अर्धं पायसांडू तिच्याकडून पोट मोकळं करून घेतं. औषध नाही, काही नाही, नुसती एक कापडी फीत. फितीचं एक टोक तुम्ही पोटाच्या खळग्यावर धरायचं. दुसऱ्या टोकापासून आत्या कोपर ते बोटं अशी हातानं मापत, ओठांत पुटपुटत तुमच्यापर्यंत येणार. शेवटच्या मापाला तिची बोटं पोटाशी टेकली तर तुम्ही ठणठणीत. वर छातीवर गेली, म्हणजे फीत आखडली, म्हणजे अन्न अडकलंय. मग परत मापायचं, फीत सरळ होईपर्यंत. ते पुटपुटायचे शब्द ती कुणाला सांगत नाही. ते फक्त नाताळच्या आदल्या रात्री देता येतात.

मी गेलो तेव्हा ती फोनवर होती. लांबच्यांची फीत ती नुसत्या नावावर मापते. "बाळाचं पूर्ण नाव सांग गं. पूर्ण. आईकडचं आडनावसुद्धा. हां. आता पेज दे त्याला, आणि सासूला म्हणावं तोंड बंद ठेव." फोन ठेवून तिनं भोपळ्याच्या भांड्यात माते, म्हणजे आमचा कडू चहा, भरली आणि ओढायची नळी माझ्याकडे केली. "ये रे. पोट का?"

"आत्या, लहानपणी माझी फीत किती वेळा मापलीस गं?"

"दर सोमवारी."

"दर सोमवारी?"

"नाताळचा एखादा सुटला असेल."

"आणि आखडायची?"

"नेहमीच."

मला बसवेना. मी उठलो, खिडकीशी गेलो, परत आलो. "दर सोमवारी एका पोराला अन्न अडकतं. तुला नवल नाही वाटलं?"

"नवल कसलं?" आत्या मातेत पाणी ओतत म्हणाली. "आदल्या दिवशी रविवार असायचा ना."

ती इतक्या सहज बोलली की मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"सांग," मी म्हणालो.

"काय सांगायचं? तुला आठवतंय की."

"मला काही आठवत नाही. टेबलावरचं मेणकापड आठवतं. त्यावर पिवळी लिंबं होती."

आत्यानं किटली खाली ठेवली. "तुला वजडी जायची नाही. तुझा बाप एलिसेओ दर रविवारी तीच रांधायचा. ताट चाटूनपुसून झाल्याशिवाय उठायचं नाही, हा त्याचा कायदा. तू बसून राहायचास. तो सुरीच्या मुठीनं टेबलावर ठोकायचा, टक, टक, तुझा घास तोंडात जाईपर्यंत. तुला उलटी झाली की परत वाढायचा. संध्याकाळी मी यायचे तेव्हा तू तिथेच. कधी ताटाशेजारी डोकं टेकून झोपलेला."

"आणि आई?"

"तिनं एकदा तुझ्या ताटातलं गुपचूप आपल्या ताटात घेतलं. त्यानं बघितलं. अख्खं पातेलं तिच्यासमोर टेबलावर ओतलं आणि म्हणाला, भूक आहे ना, संपव. तिनं संपवलं, विल्मार. चमच्यानं, त्या मेणकापडावरनं. तू समोर बसला होतास."

मला लिंबं दिसत होती. लिंबांवर काय होतं ते काही केल्या दिसेना. पण पोटाला दिसत असावं, कारण ते आतून थरथरत होतं.

"आणि तू!" मी ओरडलोच. "तुला सगळं माहीत होतं, आणि तू फीत मापत बसलीस!"

"हो."

"एक शब्द बोलली नाहीस!"

"कुणाला बोलू? एलिसेओला? बोलले असते तर दुसऱ्या दिवसापासून मला ते दार बंद. मग सोमवारी तुझ्या पोटावरनं हात फिरवायला कोण होतं? मला फीत येत होती. मी फीत मापली." तिचे डोळे भरले होते, पण आवाज तसाच कोरडा. "अंजिरांची गोष्टही मीच काढली. शेजारणी विचारायच्या, पोर असं पिवळं का. काहीतरी सांगायला हवं होतं."

त्या अंजिरांचं नाव निघाल्यावर मला हसूही आलं आणि तिचा गळा धरावासाही वाटला.

"चीड आली असेल तर चीड," ती म्हणाली. "पण हेही ऐकून जा. ते शब्द मला आजीनं दिले तेव्हा मी माइतेएवढी होते. इतक्या लहान पोरीला कुणी देत नाही. मला दिले, कारण एलिसेओची फीत रोज आखडायची आणि आजीला दिसेनासं झालं होतं. आमचा बाप सुरीची मूठ टेबलावर नाही, बोटांवर मारायचा. तुझा बाप टेबलावर ठोकतो ना? त्याला मनापासून वाटतं की आपण फार मायाळू बाप झालो."

म्हातारा जेवणानंतर पेलाभर पाण्यात खायचा सोडा घालून ढवळत बसतो, तो डोळ्यांसमोर आला. मला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून जास्तच संताप आला. नुसता राग असता तर सोपं गेलं असतं.

घरी येऊन सिल्वानाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग न्यायचंच नाही तिला. विषय संपला."

"न नेऊन तिला काय कळणार? आपण जेवलो नाही म्हणून आजोबा तुटले, हेच ना? मला तिच्यासमोर बोलायचंय. त्याच टेबलावर."

"तू? बोलणार?" ती हसली. त्यात टोमणा होता आणि तो मला लागलाही. "तुझं पोटातलं ओठावर कधी आलंय?"

"एकदाच जाऊ दे."

तिनं माझ्यावर बोट रोखलं. "एकदाच. पण म्हाताऱ्यानं ठोकायला सुरुवात केली आणि तू बाथरूममध्ये पळालास, तर तिकडेच राहा. माझी पोर मात्र घरी आणून सोड."

रविवारी सकाळी माइतेनं मोजे चढवले आणि पोटावर हात ठेवला. मीही ठेवला होता. आम्ही दोघं गाडीत तसेच बसून गेलो.

म्हाताऱ्यानं दारातच तिला उचललं. "आली माझी चिमणी! आजोबानं काय केलंय बघ." घरभर वजडीचा वास होता, तमालपत्राचा, मटाराचा, आणि त्याखाली तो दुसरा, कोवळ्या शेणाचा, जो कितीही धुतलं तरी जात नाही. आत्या आधीच येऊन बसली होती. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मेणकापड आता निळं आहे. मी भिंतीकडे पाठ करून बसलो. बाथरूमच्या दाराला सगळ्यात जवळची खुर्ची ती. नेहमीची.

सगळं नीट चाललं होतं, हेच तर वाईट होतं. म्हातारा विनोद करत होता. नदी चढलीय म्हणाला, शेजाऱ्याचा कुत्रा म्हणजे महापौरापेक्षा हुशार म्हणाला. आत्या हसली, मी हसलो. माइते मात्र हसत नव्हती, मान खाली घालून जेवत होती. इतक्या रविवारांत मी पहिल्यांदा तिला इथे जेवताना नीट पाहिलं. ती चावत नव्हती. घास तोंडात टाकायची आणि पाण्याबरोबर गोळीसारखा ढकलायची. मधेच एका घासाला अडली. चमचा हवेत थांबला.

म्हाताऱ्यानं विनोद न थांबवताच सुरी उलटी धरली. टक.

माझं पोट फिरलं. खोटं कशाला सांगू, मी अर्धा उठलो होतो. पाय आपोआप दाराकडे वळले होते. आत्या आता माझ्याकडे बघत होती.

टक, टक. "चल चिमणे. एक घास आजोबासाठी."

मी खुर्ची दोन्ही हातांनी धरली आणि परत बसलो.

"बाबा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच चिरका वाटला. "तिला नको असेल तर राहू द्या."

"काय?"

"तिला नकोय. राहू द्या."

सुरी थांबली. म्हातारा माझ्याकडे बघत होता. रागानं नाही, टेबल बोलल्यावर माणसानं बघावं तसा. "या घरात ताटात टाकत नाहीत," तो सावकाश म्हणाला. "तुला माहीत आहे."

"माहीत आहे. चांगलंच माहीत आहे."

"तुला कधी मारलं मी? सांग. एक बोट लावलं कधी?"

"नाही लावलं."

"मग?"

"मग हेच, बाबा. मला तुमच्या टेबलावर भीती वाटते. माझं वय बघा आणि मला अजून भीती वाटते. आत्ता पोटात काय चाललंय ते तुम्हाला सांगितलं तर तुमचं जेवण होणार नाही."

"लिव्हर आहे ते तुझं," म्हातारा म्हणाला, पण त्याचा आवाज खाली आला होता. "अंजिरं..."

"अंजिरं नव्हती, एलिसेओ," आत्या म्हणाली. "सुरी खाली ठेव."

त्यानं ठेवली नाही. पण ठोकलीही नाही. हातात नुसती धरून बसला. मला तेवढं पुरे होतं. मी हात लांब करून माइतेचं ताट ओढलं. "उठ गं राणी. राहू दे ते. आपण जाऊ."

ताट येईना. मला वाटलं मेणकापडाला चिकटलं. पाहिलं तर तिनं दुसरी कड दोन्ही हातांनी धरली होती. "नको, नको, मी खातेय!" ती म्हणाली आणि भराभर घास भरायला लागली. एक गिळायच्या आत दुसरा. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"माइते, थांब! कुणी ओरडणार नाही. नाही खाल्लंस तरी काही होणार नाही."

"होतं," ती भरल्या तोंडानं म्हणाली.

"काय होतं?"

तिनं आजोबाच्या हातातल्या सुरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घास गिळला. एवढी साधी गोष्ट बापाला कळत नाही याचं तिला नवल वाटलं असावं.

"मी संपवलं नाही की आजोबा टकटक करतात," ती म्हणाली. "टकटक केली की तुझं पोट दुखतं, पापा. तू आत जाऊन रडतोस. मी दाराशी उभी राहून ऐकलंय."

म्हाताऱ्यानं सुरी खाली ठेवली. आत्या तोंडावर हात ठेवून बसली होती. माइते परत ताटाकडे वाकली, राहिलेलं संपवायला. मी उठलो, तिच्या खुर्चीशी जमिनीवर बसलो आणि तिच्या हातातला चमचा घ्यायला गेलो. तिनं तो इतका घट्ट धरला होता की मला तिचं एकेक बोट सोडवावं लागलं.